नारूची गोष्ट आणि भोपळ्याचे बाळ
(आरोग्यविषयक संशोधनाचे ज्ञान कथा व चित्र यांच्या द्वारे कसे द्यावे, याविषयी काही विचार)

आपल्या प्राथमिक शाळांतून आरोग्य हा विषय बहुधा नियमांच्या रूपाने शिकविला जातो. पाणी गाळून प्यावे, जेवणापूर्वी हात धुवावेत, अन्न झाकून ठेवावे, ही वाक्ये वर्गाच्या भिंतींवर रंगविलेली असतात. मुले ती तालावर म्हणतात व परीक्षेत बिनचूक लिहितातही. परंतु तीच मुले मधल्या सुट्टीत नळाकडे न फिरकता पोषण आहाराच्या पंक्तीत जाऊन बसतात, हे आपण नित्य पाहतो. ह्यात मुलांचा हट्ट नाही, आणि आळसही फारसा नाही. नियम म्हणजे एका दीर्घ शोधाचे शेवटचे वाक्य होय. त्याच्या आधी कोणी तरी शंका घेतली, कोणी तरी पाहिले, मोजले, ताडून पाहिले. मग ते वाक्य निघाले. हा मागचा सारा प्रवास गाळून आपण मुलाच्या हाती केवळ आज्ञा ठेवतो. आज्ञा ही आज्ञा करणाऱ्यासमोर पाळली जाते. गुरुजींची पाठ वळली की ती पाळण्यास मुलापाशी कारण उरत नाही.

संशोधन आणि गोष्ट यांचे नाते वरवर पाहता दूरचे वाटते. पण ‘अमुक झाले म्हणून तमुक झाले’ हा दोहोंचाही कणा आहे. आजीच्या गोष्टीत राजपुत्राने मागे वळून पाहिले म्हणून तो दगड झाला; संशोधकाच्या वहीत अमक्या पाणवठ्याचे पाणी प्याले म्हणून अमक्या घरी रोग झाला. भेद इतकाच की, पहिल्या गोष्टीतील ‘म्हणून’ कोणी तपासून पाहत नाही आणि दुसरीतील ‘म्हणून’ तपासून पाहिल्यावाचून कोणी मान्य करीत नाही. मुलांना पहिली गोष्ट जन्मापासून परिचित आहे. तिच्या वाटेने त्यांना दुसरीपर्यंत नेणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

रहिमतपूर परिसरातील शिक्षकांना ह्या विचाराचे उदाहरण शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. रहिमतपूर स्टेशनावर उतरून पूर्वेस औंधास जाण्याचा परिपाठ जुना आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि व्यायामाचे कट्टे पुरस्कर्ते होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्कार त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सुरू केले व त्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला. १९३८ साली त्यांनी स्थापिलेले श्रीभवानी संग्रहालय औंधच्या डोंगरावर आजही आहे. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे तर आहेतच, पण हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व मूल’ हे शिल्पही आहे. सहलीस मुलांना नेलेत तर त्या शिल्पापाशी त्यांना घटकाभर उभे करावे व काहीही न सांगता ‘काय दिसते?’ एवढेच विचारावे. नाक-डोळे कोरून न काढताही आई कशी ओळखू येते, हे ज्या मुलाला कळले त्याला आकृतीची भाषा कळली असे समजावे.

कथा, चित्र आणि शरीराची निगा ह्या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या ठायी एकत्र आल्या होत्या, म्हणून हे उदाहरण घेतले. मात्र येथे एक विवेक ठेविला पाहिजे. सूर्यनमस्काराचा प्रसार हा अनुभवाने व श्रद्धेने झाला. व्यायामाचे हित कोणी नाकारीत नाही, तथापि एखाद्याची निष्ठा ही एक वस्तू आणि तपासून काढलेला निष्कर्ष ही दुसरी. कळकळीने सांगितलेले सर्वच खरे नसते, हे मुलांना लहानपणीच उमगले तर पुढे औषधांच्या खोट्या जाहिरातींना व हातातल्या मोबाईलवरून येणाऱ्या अफवांना ती सहजासहजी बळी पडणार नाहीत.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. नमुन्यादाखल मी नारूची गोष्ट निवडली आहे. हा रोग आपल्या देशातून गेला आहे. मग तो का शिकवावा, अशी शंका काही शिक्षक घेतील. तो गेला म्हणूनच शिकवावा. ज्या गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट आहे ती मुलास पेलते, आणि आरोग्याच्या क्षेत्रात शेवट झालेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. शिवाय महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. गावातील सत्तरी ओलांडलेल्या कित्येक माणसांनी नारू पाहिलेला असतो, क्वचित सोसलेलाही असतो. मुलाने घरी जाऊन आजोबांना विचारावे, असा हा विषय आहे.

रोगाची हकीकत थोडक्यात अशी. नारू हा दोऱ्यासारखा लांब किडा. त्याची मादी माणसाच्या कातडीखाली वाढते व हातभर, कधी त्याहूनही लांब होते. बहुधा पायावर फोड येतो, तो फुटतो आणि तेथून किड्याचे टोक बाहेर डोकावते. आग इतकी होते की रोगी पाय थंड पाण्यात बुडवितो. पाण्याचा स्पर्श होताच मादी हजारो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जलजीव गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत त्याच्या पोटी त्या अळ्या तयार होतात. ते पाणी कोणी न गाळता प्याले की सायक्लॉप्स पोटात जाऊन मरतो, अळ्या सुटतात, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात आणि सुमारे एक वर्षाने त्या माणसाच्या पायावर फोड येतो. सायक्लॉप्सचा हा वाटा फेदचेंको ह्या रशियन संशोधकाने तुर्कस्तानच्या प्रदेशात १८७० च्या सुमारास शोधून काढला. बाहेर आलेला किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढण्याची रीत मात्र त्याच्या कितीतरी शतके आधीपासून चालत आली होती. माणसाला उपाय ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हते.

हे सर्व इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांपुढे पाच चित्रांत मांडता येते. पहिले चित्र बारवेचे. पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, आणि एक बाई घोटाभर पाण्यात उभी राहून घागर बुडवीत आहे. (पायऱ्यांची विहीर मुलांनी पाहिली नसेल तर सातारा तालुक्यातील लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीची सहल काढावी. आत उतरून पाण्यापर्यंत जाणे म्हणजे काय, हे तेथे तत्काळ कळते.) दुसऱ्या चित्रात एक शेतकरी शेवटच्या पायरीवर बसला आहे, पाय पाण्यात आहे, चेहऱ्यावर सुटकेचा भाव आहे. तिसरे चित्र पाण्याच्या आतले. चौथ्यात एक कुटुंब जेवावयास बसले आहे व तांब्यातील पाणी पेल्यात ओतले जात आहे. पाचव्यात त्याच घरातील मुलगा पाय धरून ओट्यावर बसला आहे.

चौथे चित्र खाली ठेविल्यावर शिक्षकाने पाचवे लगेच उचलू नये. येथे एक वर्ष जावयाचे आहे. फळ्यावर चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने सावकाश लिहावेत, आणि मग विचारावे, “गेल्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही कोठले पाणी प्यालात?” वर्गात कोणालाही सांगता येणार नाही. हेच हवे आहे. नारूचे कारण हजारो वर्षे का सापडले नाही, ह्याचे उत्तर मुलांनी स्वतःच्या विस्मरणातून दिले. पाणी प्याल्याबरोबर फोड आला असता तर गावातल्या कोणाही शहाण्या म्हातारीने कारण ओळखले असते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये बारा महिन्यांची भिंत होती. ती भिंत ओलांडून पाहणे, ह्यालाच संशोधन म्हणतात. ही व्याख्या फळ्यावर लिहिण्याचे काहीच कारण नाही. मुलांना ती कळलेली असते.

दुसरे चित्र हे सबंध पाठाचे मर्म होय, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. आरोग्यकथा रचताना आपल्या हातून सहज एक दुष्ट पात्र तयार होते. कोणी तरी घाणेरडा, आळशी, अडाणी असतो. त्याच्यामुळे रोग पसरतो. शेवटी त्याला अद्दल घडते. अशा गोष्टीला टाळ्या मिळतात. पण वर्गातील ज्या मुलाच्या घरी शौचालय नाही, ज्याच्या वस्तीला टँकरचे पाणी येते, त्याच्याकडे बाकीची मुले वळून पाहू लागतात, आणि ते मूल त्या दिवसापासून आरोग्याचा तास टाळू लागते. नारूच्या गोष्टीत दुष्ट कोणीच नाही. ज्याच्या पायाची आग होते तो पाण्यात पाय घालणारच; तुम्ही-आम्हीही घातला असता. रोग पसरला तो वेदना शमविण्याच्या त्या साध्या कृतीतून. मुलांना हे चित्र दाखवून ‘हा माणूस वाईट आहे काय?’ असे अवश्य विचारावे. ‘नाही, त्याला माहीत नव्हते’ हे उत्तर मुलांकडून यावे. शिक्षकाने ते स्वतः देऊ नये.

नंतर पाचही चित्रे जमिनीवर वर्तुळाकार मांडावीत. पाचव्या चित्रातील मुलगा उद्या पुन्हा पायरीवर जाऊन बसेल, तेव्हा वर्तुळ पुरे होते. आता एकेका मुलास बोलवावे व हे चक्र कोठे तोडता येईल तेथे खडा ठेवावयास सांगावे. कोणी दुसऱ्या चित्रावर ठेवील, म्हणजे रोग्याला पाण्यात उतरू देऊ नये. कोणी पहिल्यावर, म्हणजे पायऱ्याच बुजवून कठडा बांधावा व वरून रहाटाने पाणी काढावे. कोणी तिसऱ्यावर, म्हणजे पाण्यात औषध टाकावे. कोणी चौथ्यावर ठेवून फडक्याने गाळण्याचे सांगेल. इतके झाल्यावर मग शिक्षकाने सांगावे की, १९८३-८४ साली आपल्या देशाने नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा हेच चार खडे ठेविले. त्या वेळी देशात वर्षाला सुमारे चाळीस हजार रुग्ण आढळत होते. ह्या रोगावर लस नव्हती व त्यास मारणारे औषधही नव्हते. गावोगाव रुग्ण शोधले, जखमा बांधल्या, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसविले, पाण्यात टेमेफॉस टाकले आणि घराघरांत गाळण्याचे फडके पोचविले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. चौथीतील मुलाने ठेविलेला खडा आणि राष्ट्राने योजिलेला उपाय एकच निघतो, तेव्हा मुलाच्या मुद्रेवर जे उमटते ते पाहण्यासारखे असते.

तिसऱ्या चित्राची अडचण निराळी आहे. सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा. काचेच्या पेल्यात उजेडाकडे धरल्यास जेमतेम हलणारा ठिपका. एका शाळेत तपासणीस गेलो असता तेथील शिक्षकांनी तो पुठ्ठ्यावर सुरेख रंगविलेला दिसला, पण खेकड्याएवढा. पाठ चालू असताना एका मुलीने उठून विचारले, “गुरुजी, एवढा मोठा किडा पितात तेव्हा दिसत कसा नाही?” प्रश्न बिनतोड होता. मोठे चित्र काढण्यास हरकत नाही. ते मोठे केले आहे हे चित्रातच दिसले पाहिजे. उपाय सोपा आहे. आधी पाण्याचा पेला काढून त्यात पेन्सिलीच्या टोकाचा एक ठिपका द्यावा. त्या ठिपक्याभोवती लहान वर्तुळ काढावे, त्यातून दोन रेषा बाजूला नेऊन मोठे वर्तुळ काढावे व त्यात प्राणी रंगवावा. त्याआधी वर्गातील भिंग मुंगीवर धरून दाखवावे म्हणजे वर्तुळाचा अर्थ कळतो. डासाचे, माशीचे, जंताच्या अंड्याचे कोणतेही चित्र ह्याच रीतीने काढावे. अतिशयोक्ती ही भारुडात शोभते; शास्त्राच्या चित्रात ती मुलाला एक पळवाट देते, ‘आमच्याकडे एवढे किडे नसतात.’

चित्रे किती काळ समोर असावीत, ह्याविषयी आपल्याकडील चित्रकथींपासून शिकण्यासारखे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही कला जतन केली आहे, तेथील श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी एका वेळी एकच चित्र पुढे धरतो, तेवढा प्रसंग गातो, आणि ते बाजूस ठेवून पुढचे घेतो. श्रोत्याचे डोळे व कान एकाच जागी असतात. आपले तक्ते मात्र जूनमध्ये भिंतीवर चढतात ते एप्रिलपर्यंत उतरत नाहीत. माझा अनुभव असा की, पंधरा दिवस भिंतीवर राहिलेले चित्र मुलास दिसेनासे होते. आरोग्याची चित्रे कपाटात ठेवावीत व पाठाच्या वेळीच काढावीत. ती विकतची नसून शिक्षकाने किंवा मुलांनी काढलेली असावीत, हेही ओघाने आलेच; रेघ वाकडी असली तरी चालते.

गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत, हे सर्वश्रुत आहे. हातातील खराटा हे त्यांचे चित्र होते, असे म्हटले तरी चालेल. प्रश्नोत्तररूप पाठ आपण अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. तो गावच्या चावडीसमोर कसा रंगतो, हे त्यांनी दाखविले.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. नारू गेला, हगवण गेलेली नाही. पावसाळ्याच्या आरंभी दरवर्षी आपल्या शाळांच्या हजेरीपटावर तिची छाया पडते, आणि घरातील तान्ह्या भावंडांना तर ती जिवावरची असते. हगवणीने मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, हे संशोधनाने सांगितले. पण कित्येक घरांत अद्यापि ‘पाणी दिले की जुलाब वाढतो’ ह्या समजुतीने मुलाचे पाणी तोडतात. येथे नियमाचा उपयोग होत नाही, कारण समजुतीला स्वतःचे तर्कशास्त्र असते. पाणी पाजले, पाणी बाहेर पडले. आईने जे पाहिले तेच ती सांगते. त्या तर्काला दुसरे काही तरी डोळ्यांनी दाखवूनच उत्तर द्यावे लागते.

ह्यासाठी मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम केलेले डेव्हिड वर्नर यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात वर्णिलेली एक युक्ती फार उपयोगी आहे. वाळलेला पोकळ भोपळा घ्यावा. न मिळाल्यास प्लास्टिकची बाटली चालते. त्यावर बाळाचा चेहरा रंगवावा. माथ्यावर थोडे मोठे भोक पाडून भोपळा काठोकाठ भरावा व त्यावर ओले फडके पसरावे. ही बाळाची टाळू. डोळ्यांच्या जागी टाचणीने बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे अश्रू ओघळतात. लघवीच्या जागी एक छिद्र व मागे एक मोठे भोक पाडून त्यास बूच बसवावे. मुलांनी बूच काढावे व पाहावे. पाणी धो-धो जाऊ लागते, क्षणात टाळूवरचे फडके खोल बसते, अश्रू थांबतात, मग लघवी थांबते. गुरुजींनी एक अक्षर न उच्चारता मुलांनी शोषाची लक्षणे पाहिलेली असतात. मग विचारावे, “बाळाला वाचवायचे तर काय करावे?” कोणी म्हणेल बूच घालावे, पण आजारात बूच आपल्या हाती नसते. तेव्हा वरून जितके जाते तितके ओतत राहणे, एवढाच मार्ग मुलांना सुचतो, आणि तोच खरा मार्ग आहे.

नुसते पाणी का पुरत नाही, हे मात्र भोपळा सांगत नाही. तेथे गोष्ट लागते. आतड्याच्या दाराशी मीठ एकटे गेले तर त्याला नीट आत घेत नाहीत. साखरेने मिठाचा हात धरला की दोघे मिळून आत जातात आणि मिठामागोमाग पाणी जाते. हे रूपक असले तरी शास्त्राला सोडून नाही. ग्लुकोज व सोडियम आतड्याच्या पेशींत एकत्रच शोषले जातात. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून आप्तांकरवी रोग्यांना पाजविले. शेकडा तीसच्या घरातील मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेकडा चारच्या आत आले. ही घटना नाट्यप्रवेशासारखी वर्गात करून घेता येते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणाऱ्या प्रा. वसंत कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा, तेव्हा येथील शाळांना नाटक शिकविण्यास कोणी बाहेरून यावे लागेल असे नाही. मात्र नाटकात रडारड, मरणाचे प्रसंग नकोत. डॉक्टरापुढचा पेच हाच नाट्यविषय: सलाईन नाही, रोगी शेकडो, पुस्तकात लिहिले नाही ते करून पाहावे की न पाहावे?

प्रमाणाच्या बाबतीत शिक्षकाने काटेकोर असावे. आरोग्यकेंद्रातून मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यास एक, हे मुलांनी मापून करावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविका सांगेल त्याप्रमाणे चौदा दिवस द्यावयाच्या असतात. शौचात रक्त दिसले, मूल पाणी पिईना किंवा गुंगीत गेले, तर घरच्या उपायांवर न थांबता दवाखाना गाठावा. ही वाक्ये आज्ञा म्हणूनच सांगावीत. प्रत्येक ठिकाणी कथा हवीच असे नाही.

अंकाची जागा वस्तूने कशी घ्यावी, ह्याचे एक उदाहरण गडचिरोलीचे आहे. लहान मुलाला न्युमोनिया झाला की त्याचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतील बाळास मिनिटाला साठ वा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण. पण ज्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन तयार केले. दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी मणी संपले तर आजार आहे. पुढे तेथील ३९ गावांत खेड्यातीलच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले व अशी सेवा नसलेल्या ४७ गावांशी तुलना करून पाहिली. तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. गणिताच्या तासाला असे मणीयंत्र मुलांकडून करवून घ्यावे. दशक शिकविण्यास याहून चांगले साधन मला आढळलेले नाही, आणि दोन गट पाडून ताडून पाहणे म्हणजे काय हेही त्याच निमित्ताने सांगता येते.

शेवटी मूल्यमापनाचा प्रश्न राहतो, आणि आपले बहुतेक चांगले पाठ येथेच अपुरे राहतात. पाठ रंगला, मुले हसली, साहेबांनी शेरा चांगला दिला, ह्यावरून ज्ञान पोचले असे ठरत नाही. बांगलादेशातील ब्रॅक ह्या संस्थेने १९८० ते १९९० ह्या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा लिटर पाणी यांचे पेय करावयास शिकविले. तेथे शिकविणाऱ्या स्त्रीचा मोबदला तिने किती घरे केली एवढ्यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरा कोणी जाऊन त्या आईला विचारी, तिच्याकडून पेय करवून घेई, आणि आईला जितके आठवे तितका शिकविणारीचा मोबदला. हा मापदंड आपणांस लावला तर आपल्यापैकी कितीजणांचा पगार पुरा निघेल, हे ज्याने त्याने पाहावे!

वर्गात हे असे करता येईल. पाठाच्या दिवशी गृहपाठ एकच: ही गोष्ट घरी एका मोठ्या माणसास सांगावयाची व त्याने काय विचारले ते दुसऱ्या दिवशी आणावयाचे. आजीचा प्रश्न हा वर्गातील प्रश्नापेक्षा अवघड असतो. ‘मग आमच्या वेळी गूळपाणी देत होते ते चूक काय?’ असे कोणी विचारले तर त्याची चर्चा करावी, हसण्यावारी नेऊ नये. आठ दिवसांनी मुलांकडून गोष्ट पुन्हा सांगवून घ्यावी, आणि ह्या वेळी चित्रे मागू नयेत. त्यांनी ती पाटीवर काढावीत. ज्या ठिकाणी बहुतेक मुलांचा दुवा तुटतो, उदाहरणार्थ ‘वर्षाने’ हा शब्द जर गळत असेल, तर दोष त्या चित्राचा आहे. ते चित्र बदलावे. कोणता दुवा किती मुलांच्या गोष्टीतून गळला, ह्याची नोंद पाठटाचणाच्या वहीत तारीखवार ठेवावी.

चित्रे व मजकूर मुलांपुढे नेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांस अथवा उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेस एकदा दाखवून घ्यावा. भोपळ्याचे बाळ शक्य तर गावच्या आशाताईंच्या समक्ष करावे, कारण पुडी त्यांच्याकडे असते आणि मुलांच्या माता त्यांना ओळखतात. भोपळे दिवाळीनंतर वेलीवर वाळू दिले तर जूनपर्यंत कडक होतात; ज्या शाळांना परसबाग आहे त्यांनी ह्या हंगामात दोन वेल तेवढ्यासाठी राखावेत.